मामा, मऊ वीट आणि सात हजार भाषा

जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील, आणि आई म्हणजे 'देदा'. आपल्याकडे मामा हा आईचा भाऊ. चिनी आणि स्वाहिली बोलणाऱ्यांकडे ती आईच. तुर्कीत बाबा म्हणजे आपल्यासारखेच बाबा, पण 'देदे' म्हणजे आजोबा. आवाजांची एकच पिशवी सगळ्या जगात वाटली गेली आणि नाती ज्यानं त्यानं आपापल्या मर्जीनं चिकटवली, असं वाटावं.

याचं एक गोड स्पष्टीकरण रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञानं दिलं होतं. बाळाला सगळ्यात आधी जमते ती ओठ मिटायची आणि उघडायची हालचाल. त्यातून प, ब, म निघतात, आणि तोंड उघडलं की मागोमाग 'आ'. दूध पिताना तोंड भरलेलं असतं, तेव्हा आवाज नाकातून येतो, तो 'म'. बाळ आपलं बडबडत असतं, पण घरातलं एखादं मोठं माणूस लगेच म्हणतं, "बघितलंस? मला हाक मारली!" हाक नक्की कुणाला होती हे मग घर ठरवतं. जॉर्जियात बापानं बाजी मारली, आपल्याकडे मामानं.

गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं. पण उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक भाषेच्या मूळ शब्दांत ओठ मिटून काढायचा आवाजच नाही. प नाही, ब नाही, म नाही. मग तिथे 'मामा' कुठून येणार? त्याच खंडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळची लुशूटसीड भाषा रोजच्या बोलण्यात म आणि न या दोघांशिवाय चालते. 'हे तर सगळ्या भाषांत असतंच' असं कुणी छातीठोकपणे म्हणालं की कुठल्यातरी बेटावरची किंवा नदीकाठची भाषा हात वर करते, 'आमच्यात नाही हो.'

जगात आज सुमारे ७,००० भाषा आहेत. पापुआ न्यू गिनीतल्या बुगनव्हिल बेटावरची रोटोकास भाषा डझनभर ध्वनींत सगळा संसार करते, तर बोत्सवानातल्या ता भाषेत शंभरावर ध्वनी आहेत, त्यातले कितीतरी आपण बैल हाकताना जिभेनं 'च्क' करतो तसले. इतक्या वेगवेगळ्या भाषांत खरोखर काही सामाईक आहे का?

सारखेपणाकडे आधी संशयानं पाहायचं

दोन भाषांत साम्य दिसलं की भाषाशास्त्रज्ञ आनंदी होण्याआधी चौकशी करतो. पहिली चौकशी नात्याची. आपला 'दात' आणि फ्रेंचांचा 'दाँ' एकाच जुन्या घराण्यातले, तेव्हा ते सारखे निघाले यात नवल नाही. दुसरी उसनवारीची. चावी, पगार, बटाटा हे शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले. त्यांच्या-आपल्या शब्दांतल्या साम्याला मानवी मनाचं गूढ कारण शोधायची गरज नाही. तिसरी शंका योगायोगाची. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबराम भाषेत कुत्र्याला 'डॉग'सारखाच शब्द होता आणि त्याचा इंग्रजीशी काडीचा संबंध नव्हता.

उसनवारीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण उसने फक्त शब्द घेतले जातात असा आपला समज असतो. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातल्या एका गावाबद्दल लिहिलं. त्यांच्या लेखात त्याचं नाव 'कुपवार' असं आहे आणि आजही जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत ते शिकवलं जातं. गावात मराठी, कन्नड, उर्दू शतकानुशतकं शेजारी नांदलेल्या. घरात ज्याची त्याची भाषा, चावडीवर सगळ्यांच्या सगळ्या. होता होता या भाषांचे शब्द वेगळेच राहिले, पण वाक्यांची बांधणी इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य दुसरीत न्यायचं तर शब्दाच्या जागी शब्द ठेवला की काम झालं. मराठी आणि कन्नड नात्यानं एकमेकींच्या कुणीच नाहीत! सारखेपणा आला तो केवळ शेजारातून.

आपण 'चहाबिहा' म्हणतो, कन्नड माणूस 'गि' लावून तसाच जोडशब्द करतो. ट, ड, ळ हे जीभ मागे वळवून काढायचे आवाज भारतभर पसरलेत. मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये अशा गोष्टी मांडून भारत हा एक 'भाषिक प्रदेश' आहे असं म्हटलं. म्हणजे कुणी पन्नास भारतीय भाषा तपासून 'माणसाच्या भाषेत असं असतं' म्हणू लागला, तर तो पन्नास नव्हे, जवळजवळ एकाच मोठ्या वाड्याची साक्ष काढतोय.

'असेल तर' चे नियम

हा घोळ ओळखून कामाला लागलेला माणूस म्हणजे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग. न्यूयॉर्कजवळच्या डॉब्ज फेरी इथे १९६१ साली झालेल्या परिषदेत त्यानं एक निबंध मांडला, तो १९६३ मध्ये छापून आला. पाच खंडांतल्या भाषांतून त्यानं ३० निवडल्या: वेल्श, बास्क, योरुबा, स्वाहिली, जपानी, माओरी, केचुआ अशा दूरदूरच्या. हिंदी आणि कन्नड त्यात होत्या. मराठी नव्हती, पण दोन्ही बाजूंचे शेजारी असल्यावर आपल्यालाही थोडंफार मोजल्यासारखंच. त्यातून त्यानं ४५ नियम काढले.

त्याची खरी हुशारी नियमांच्या घाटात होती. 'सगळ्या भाषांत क्ष असतं' अशा वाक्याला एक उलटी साक्ष पुरते. ग्रीनबर्गचे बरेचसे नियम 'क्ष असेल तर य असतंच' अशा प्रकारचे आहेत. शाळेत संस्कृत घेतलेल्या प्रत्येकानं 'देवः देवौ देवाः' घोकलंय. त्यातलं मधलं द्विवचन मराठीनं कधीच टाकून दिलं आणि नववीच्या पोरांवर उपकार केले. पण एकवचन आणि द्विवचन ठेवून अनेकवचन टाकून दिलेली भाषा? ग्रीनबर्ग म्हणतो, नाही सापडणार. पापुआ न्यू गिनीतल्या तोलाईसारख्या भाषांत तिघांसाठी वेगळं 'त्रिवचन' असतं, पण अशा भाषेत द्विवचन असतंच. चौथी पायरी आहे तर तिसरी असणार. एखाद्या भाषेत यातलं काहीच नसलं तरी नियम मोडत नाही, कारण त्यानं 'असेल तर' म्हटलंय.

सगळ्यात गाजले ते त्याचे शब्दक्रमाचे नियम. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं: कर्ता, कर्म, क्रियापद. ज्या भाषांचं क्रियापद शेवटी, त्यांच्यात 'वर, खाली, साठी' हे शब्द बहुतेक वेळा नामाच्या मागून येतात. आपण शाळेत त्यांना शब्दयोगी अव्ययं म्हणायचो. टेबलावर, पलंगाखाली, पोरांसाठी. वेल्शसारख्या भाषेत क्रियापद वाक्याच्या डोक्यावर बसतं, तिथे हेच शब्द नामाच्या आधी येतात. वेल्शचा साचा मराठी शब्दांत भरला तर 'सदू खुर्चीवर बसला' हे 'बसला सदू वर खुर्ची' असं होईल.

आता दोन्ही वाक्यांत 'वर' कुठे आहे पाहा. खुर्ची–वर–बसला. बसला–वर–खुर्ची. दोन्हीकडे तो क्रियापद आणि नाम यांच्या मधे आहे, रेल्वेच्या दोन डब्यांमधल्या कपलिंगसारखा. क्रियापद कुठल्याही टोकाला जाऊ दे, जोडणी मधेच हवी. एकमेकांशी संबंध असलेले शब्द जवळ राहिले तर ऐकणाऱ्याला कमी लक्षात ठेवावं लागतं. ३७ भाषांमधला मजकूर मोजून २०१५ मध्ये असंच दिसलं: शब्द कसेही मांडले असते तर संबंधित शब्दांत जेवढं अंतर पडलं असतं, त्याहून प्रत्यक्षातलं अंतर प्रत्येक भाषेत कमी निघालं.

तुलनेचाही असाच नियम आहे. 'दगडापेक्षा वीट मऊ' या म्हणीत आधी कशाशी तुलना ते येतं (दगड), मग तुलनेची खूण (पेक्षा), आणि विशेषण शेवटी (मऊ). ग्रीनबर्ग म्हणतो, ज्या भाषेत तुलनेचा हा क्रम चालतो तिथे शब्दयोगी अव्यय नामाच्या मागेच असणार. इंग्रजी नेमकी उलटी चालते: आधी विशेषण, मग खूण, मग दगड.

आणखी एक नियम मला फार आवडतो, कारण त्यात मराठी शहाणी ठरते. हो-नाही विचारणारा छोटा शब्द, म्हणजे आपला 'का', वाक्याच्या शेवटी असेल तर ती भाषा बहुधा शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून जोडणाऱ्यांतली, सुरुवातीला असेल तर आधी जोडणाऱ्यांतली. 'तू येणार का?' अगदी नियमात बसतं. हिंदीचं 'क्या तुम आओगे?' मात्र नियमाच्या तोंडावर 'क्या' आणून ठेवतं, आणि हिंदी तर आपल्यासारखीच मागून जोडणारी. ग्रीनबर्गनं स्वतःच 'बहुधा' म्हटलं होतं, म्हणून तो वाचला.

कर्ता जवळजवळ नेहमीच कर्माच्या आधी येतो, हा त्याचा पहिला नियम. पुढे जगभरातल्या १,३७६ भाषांची मोजदाद झाली. मराठीसारखा क्रम ५६४ भाषांत, इंग्रजीसारखा ४८८ भाषांत, वेल्शसारखा ९५ भाषांत निघाला. १८९ भाषांत ठाम असा क्रमच नाही. आणि कर्म कर्त्याच्या आधी येणारे तिन्ही प्रकार मिळून भाषा किती? ४०. त्यातही कर्मानं सुरुवात होणाऱ्या फक्त १५. त्या पंधरांतली हिश्कार्याना ही ॲमेझॉनच्या खोऱ्यातली भाषा. डेस्मंड डर्बीशायर बायबलच्या भाषांतराच्या निमित्तानं त्या लोकांत राहिला आणि १९७७ मध्ये त्यानं दाखवून दिलं की इथे 'माणूस खाल्ला जग्वारनं' हा जोर देण्यासाठी फिरवलेला क्रम नाही, हा रोजचा सरळ क्रम आहे. तोवर असा क्रम मुळी नसतोच असं बरेच जण धरून चालले होते.

ग्रीनबर्गच्या पद्धतीला खरा धक्का २०११ मध्ये बसला. मायकेल डन आणि सहकाऱ्यांनी चार भाषाकुळांचे वंशवृक्ष घेऊन पाहिलं की शब्दक्रमातले हे गुण खरोखर एकमेकांचा हात धरून बदलतात का. एका कुळात बदलताना दिसले, दुसऱ्यात नाही. त्यांचा निष्कर्ष असा की या जोड्यांमागे घराण्याचा इतिहास जास्त आहे, मानवी स्वभाव कमी. यावर अजून भांडण चालू आहे. मला विचाराल तर कपलिंगचं कारण इतकं साधं आहे की ते पूर्ण खोटं ठरेल असं वाटत नाही. पण तो कल आहे, कायदा नाही.

जन्मजात व्याकरण

दुसऱ्या वाटेनं निघाला अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की. त्याला मोजदादीत रस नव्हता. त्याचं म्हणणं असं: मूल तीन-चार वर्षांत, कुणी न शिकवता, अर्धवट आणि तुटक वाक्यं ऐकून, इतकं गुंतागुंतीचं व्याकरण उचलतं ते कशाच्या जोरावर? काहीतरी तयारी जन्मतःच असली पाहिजे. मराठी, जपानी, स्वाहिली ही त्या एकाच तयारीची निरनिराळी रूपं.

याला बळ देणारा एक प्रयोग २००३ चा आहे. जर्मन माणसांना इटालियन आणि जपानी भाषांतले काही खरे नियम शिकवले आणि काही बनावट. एक बनावट नियम असा की नकाराचा शब्द नेहमी तिसऱ्या शब्दानंतर टाकायचा, तिथे काहीही असो. मराठीत करून बघा: 'माझ्या धाकट्या बहिणीच्या नाही मुलीला शाळेत घातलं.' मोजायला किती सोपा नियम! तरी जगातली कुठलीही भाषा असा आकडे मोजत नकार देत नाही. लोक बनावट नियमही शिकले, पण भाषेशी जोडला जाणारा मेंदूचा ब्रोका हा भाग खऱ्या नियमांनाच साथ देत गेला, बनावट नियमांना नाही. चॉम्स्कीच्या विरोधकांनी या प्रयोगाला उत्तर द्यावं असं मला नेहमी वाटतं.

मग वाद पेटला तो पिराहा भाषेवरून. चॉम्स्कीनं २००२ मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत लिहिलं की मानवी भाषेचा खास गाभा कदाचित एकाच गोष्टीत असेल: एका रचनेच्या पोटात तशीच रचना, तिच्या पोटात पुन्हा तशीच. आपल्याला हे समजावून सांगायला नको. 'आईच्या मावशीच्या नणंदेच्या मुलीचं लग्न' ही रचना कुठल्याही मराठी घरात, आमंत्रणपत्रिका हातात घेऊन, न अडखळता तयार होते. ब्राझीलमध्ये मैसी नदीकाठी राहणारे काहीशे पिराहा लोक असं बोलत नाहीत, असं डॅनियल एव्हरेट या भाषाशास्त्रज्ञानं २००५ मध्ये जाहीर केलं. 'भावाचं घर' चालतं. 'भावाच्या मुलाचं घर' एका दमात म्हणता येत नाही, दोन वाक्यं करावी लागतात. शिवाय 'एक' म्हणायलाही नेमका शब्द नाही.

२००९ मध्ये तिघा भाषाशास्त्रज्ञांनी एव्हरेटचीच जुनी टिपणं उकरून दाखवलं की त्यात पोटवाक्यं दिसतात. एव्हरेट म्हणाला, तेव्हा माझं चुकलं होतं. दुसरीकडून असंही म्हटलं गेलं की क्षमता जन्मजात असली म्हणून प्रत्येक भाषेनं ती वापरलीच पाहिजे असं थोडंच आहे. हे बरोबर असेलही, पण मग त्या दाव्याला खोटं ठरवायचं कसं, हा माझा प्रश्न शिल्लक राहतो. त्याच वर्षी निकोलस एव्हन्स आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी तर स्पष्टच लिहिलं की सगळ्या भाषांत सामाईक असे वैश्विक गुण ही दंतकथा आहे, आणि भाषांतलं वैविध्य हीच खरी समजून घेण्याची गोष्ट.

'मी'ला 'ने' का लागत नाही?

या भांडणाच्या गदारोळात काही शांत, भक्कम शोध मागे पडतात. त्यातला एक आपल्या रोजच्या वाक्यात आहे, आणि तो मराठी व्याकरणाच्या तासाला कुणी सांगितला नाही याचं मला वाईट वाटतं.

रामाने आंबा खाल्ला. तिने आंबा खाल्ला. त्यांनी आंबा खाल्ला. आता पुढे: मी आंबा खाल्ला. तू आंबा खाल्लास. आम्ही, तुम्ही, आपण. कुठे गेला 'ने'? कर्मणी प्रयोग तोच आहे (मी चिंच खाल्ली, बोर खाल्लं), पण 'मी' आणि 'तू'च्या कुटुंबाला प्रत्यय माफ. जुन्या मराठीत असं नव्हतं. संतांच्या ओव्यांत 'म्यां' आणि 'तुवां' भेटतात, आणि गावाकडे 'म्या केलं' अजून ऐकू येतं. प्रमाण मराठीतून नेमकी हीच दोन रूपं गळाली.

मायकेल सिल्व्हरस्टीननं १९७६ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या भाषा डोळ्यांसमोर ठेवून, एक उतरंड मांडली: सगळ्यात वर 'मी' आणि 'तू', मग 'तो-ती', मग माणसांची नावं, मग प्राणी, तळाशी निर्जीव वस्तू. करणाऱ्यावर 'हा करणारा' अशी चिठ्ठी लावायची झाली तर भाषा ती तळाकडून लावत जाते आणि वर कुठेतरी थांबते. ऑस्ट्रेलियातली जिर्बल भाषा जवळपास मराठी थांबते तिथेच थांबते. हिंदी टोकापर्यंत जाते: मैंने, तूने. पण 'मी'ला चिठ्ठी आणि दगडाला माफी, असा उलटा कारभार सहसा सापडत नाही.

कारण समजायला सोपं आहे. बोलताना करणारे बहुधा 'मी' आणि 'तू' असतात. ते अपेक्षितच आहे, चिठ्ठी कशाला? दगडानं काच फोडली तर सांगावं लागतं, की बाबा, इथे करणारा दगड आहे. कर्माच्या बाजूला हाच हिशेब उलटा लागतो. 'मी डोंगर पाहिला', पण 'मी रामाला पाहिलं'. डोंगर पाहिला जाणं साहजिक आहे. राम मात्र स्वतःही पाहणारा असू शकतो, म्हणून त्याला 'ला' लावून कर्माच्या जागी नीट बसवायचं. स्पॅनिशमध्ये माणूस कर्म असला की त्याच्या आधी 'आ' लागतो, डोंगराला लागत नाही. माद्रिद आणि मिरज यांनी हे एकमेकांना शिकवलेलं नाही.

रंगांचीही अशी एक उतरंड प्रसिद्ध आहे. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी १९६९ मध्ये सांगितलं की भाषेत रंगांचे दोनच मूळ शब्द असतील तर ते काळोख्या आणि उजळ रंगांचे, तिसरा आला तर लाल, मग हिरवा-पिवळा, मग निळा, मग तपकिरी, आणि शेवटी गुलाबी, जांभळा, नारिंगी, करडा. नंतर ११० भाषांच्या पाहणीत या क्रमाला बऱ्याच दुरुस्त्या कराव्या लागल्या. पण मराठी शब्द शेजारी ठेवून बघा. काळा, पांढरा, हिरवा, पिवळा यांत आज आपल्याला कुठली वस्तू दिसत नाही. पुढचे सगळे उघड उघड वस्तूंवरून आलेत: गुलाबावरून गुलाबी, जांभळावरून जांभळा, नारिंगावरून नारिंगी, तपकिरीवरून तपकिरी, राखेवरून राखाडी. उशिरा आलेल्या पाहुण्यांचं गाव अजून नावात दिसतं. (तांबड्यातही तांबं आहे, आणि निळ्यात नीळ, हे मान्य. पण ते आता इतके जुने झालेत की घरचेच.)

हातांची भाषा

भाषा शून्यातून सुरू होताना पाहता आली तर? इस्रायलच्या नेगेव वाळवंटात अल-सय्यद नावाची बेदुईन अरबांची वस्ती आहे. तिथे पिढ्यानपिढ्या बरीच मुलं जन्मतः बहिरी निघाली, आणि गावात, ऐकू येणाऱ्यांसकट, एक खुणांची भाषा आपोआप घडली. कुणी शिकवली नाही, बाहेरून आली नाही. संशोधकांनी २००५ मध्ये दुसऱ्या पिढीची वाक्यं तपासली तेव्हा क्रम निघाला कर्ता, कर्म, क्रियापद. भोवतालची अरबी आणि हिब्रू तशी चालत नाही. चालते मराठी!

तीन वर्षांनी सुझन गोल्डिन-मेडो आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि तुर्की बोलणाऱ्यांना तोंड बंद ठेवून नुसत्या हातवाऱ्यांनी घटना सांगायला लावल्या. यांतली फक्त तुर्की आपल्यासारखी. पण हातांनी सांगताना चौघांचाही क्रम तोच: बाई, पेटी, उघडते. तोंडानं बोलायला लागले की जो तो आपापल्या क्रमाला परत. मराठी अभिमानानं फुगून जायच्या आधी हे लक्षात घ्यावं की हा क्रम जर इतका सहज असेल तर मग जगातल्या इतक्या भाषांनी तो सोडला का, याचंही उत्तर शोधावं लागतं.

आणि शेवटी गप्पा

मला स्वतःला सगळ्यात ठोस साम्य व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर सापडतं, दोन माणसं समोरासमोर बोलतात तिथे. समोरच्याचं नीट ऐकू आलं नाही की आपण म्हणतो 'अँ?' मार्क डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ३१ भाषांत या आवाजाचा माग काढला, त्यातल्या दहा अगदी बारकाईनं ऐकल्या: घाना, लाओस, इक्वेडोर, आइसलंड. सगळीकडे एकच छोटा स्वर, फार तर आधी किंचित 'ह'. शब्द तोच, काम तेच. घाईत, विचार न करता, पटकन काढता येईल असा दुसरा आवाज तोंडात नाही, आणि बोलण्यात घाई सगळ्यांना असते.

किती घाई? २००९ मध्ये दहा भाषांतल्या प्रश्नोत्तरांतला अवकाश मोजला गेला. सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी थोडे लवकर, डेन्मार्कचे थोडे सावकाश, पण सगळे या आकड्याच्या आसपास. डोळ्यांसमोरच्या चित्राचं नाव सांगायलाही माणसाला याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं उत्तर आत शिजत असतं. वेगाचाही असाच हिशेब आहे: १७ भाषा मोजल्यावर २०१९ मध्ये दिसलं की काही भाषा भराभर अक्षरं फेकतात पण अक्षरागणिक थोडंच सांगतात, काही रमतगमत बोलतात पण प्रत्येक अक्षरात जास्त भरतात. सेकंदाला पोचणारी माहिती सगळ्यांची जवळपास सारखी, सुमारे ३९ बिट (बिट हे माहिती मोजायचं माप).

त्या २०० मिलिसेकंदांच्या मोजणीत आणखी एक गोष्ट निघाली. 'हो' लवकर येतं, 'नाही'ला वेळ लागतो, आणि हे जवळजवळ सगळ्याच भाषांत. फोनवर 'मग येताय ना रविवारी?' असं विचारून पलीकडे अर्धा सेकंद शांतता पसरली की आपण पुढचं वाक्य तयार ठेवतो: 'नाही, म्हणजे, जमलं तर या.' जॉर्जियातला मामाही बहुधा तेच करत असेल.